'पाईप म्हणजे पाईप' म्हणणाऱ्यांसाठी



आजचा विषय पाहून काही जण लगेच पान बंद करतील. गुरुजींनी कविता, व्याकरण, जुन्या आठवणी सोडून लोखंडी पाईपवर काय लिहायला घेतलं? घेतलं, कारण राग आला. राग माणसाचा नाही, एका वाक्याचा. "पाईप म्हणजे पाईपच न जी!" हे वाक्य गेल्या महिन्याभरात मी चार तोंडांतून ऐकलं. हार्डवेअरच्या दुकानदाराच्या, वेल्डरच्या, एका सुशिक्षित व्याह्यांच्या आणि चौथं तोंड माझ्या सख्ख्या भाच्याचं. भाचा उसना तांदळाची राईस मिल टाकतो आहे. हा लेख तो वाचणार, त्याची आईही वाचणार. वाचू द्या. समोरासमोर बोललो तर "मामाजी, चहा घ्या" म्हणून विषय बदलतो. लिहिलेल्याला चहा पाजता येत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. कारखान्यासाठी पाईप निवडताना पहिला प्रश्न 'भाव काय' हा नसतो. 'सगळ्यात मजबूत कोणता' हाही नसतो. पहिला प्रश्न आहे, आतून काय जाणार? मग ते किती गरम, किती दाबाचं, किती वेगाने? एवढं झालं की भाव विचारा, खुशाल घासाघीस करा. आपल्याकडे भावाचा प्रश्न पहिला येतो आणि बाकीचे कोणी विचारतच नाही. विचारणाऱ्याला 'लई शिकलेला' म्हणून हसतात.

"गुरुजी, तुम्ही बी.ए. तेही मराठीतून. तुम्हाला पाईपातलं काय कळतं?" असं एकाने विचारलंच. बाबा रे, हा विषय मला बी.ए.त कोणी शिकवला नाही, स्वयंपाकघरात शिकवला. आमच्या आईने कधी पितळेच्या डब्यात लोणचं घातलं नाही. लोणचं चिनी मातीच्या बरणीत. ताक पितळेच्या भांड्यात ठेवलं तर मार पडायचा. कल्हई उडालेल्या पातेल्यात आंबट वरण केलं तर ते कळकतं, हे शाळेत न गेलेल्या बाईला ठाऊक होतं. 'कळकणे' हे क्रियापद मराठीने उगाच नाही घडवलं. आंबटाने तांब्या-पितळेचा अंश अन्नात उतरतो, चव बिघडते, पोट बिघडतं, एवढा सगळा रसायनशास्त्राचा धडा त्या एका शब्दात आहे. आणि तोड काय, तर वर्षातून एकदोनदा कल्हईवाला बोलवायचा, कथिलाचा थर द्यायचा. पिण्याचं पाणी मात्र तांब्याच्या हंड्यात चालायचं. धातू तोच, आत काय ठेवायचं त्यावर निर्णय. माझी बहीण आजही लोणच्याला बरणीच काढते. तिचा मुलगा मात्र बॉयलरची वाफ, विहिरीचं पाणी आणि धान भिजवलेलं आंबूस पाणी एकाच जातीच्या पाईपातून न्यायला निघाला आहे, कारण 'एकदम घेतला तर भाव कमी लागतो'.

दुसरा पुरावा भाषेचा. जुन्या माणसांकडे तीन शब्द होते. बीड, लोखंड, पोलाद. बिडाचा तवा आपटला तर फुटतो, लोखंडाचा वाकतो, पोलादाला धार लागते. शब्दातच गुण सांगितलेला. आता सगळ्याला एकच शब्द, 'स्टील'. घमेलं स्टीलचं, ताट स्टीलचं, घराची सळई स्टीलची, पाईप स्टीलचा. एका शब्दात इतक्या वेगवेगळ्या वस्तू कोंबल्या की डोक्यातही त्या एकच होऊन बसतात. असो, व्याकरणाचा मास्तर घसरलाच शेवटी आपल्या वळणावर.

आता मिलकडे वळू. आमच्या दिघोरीच्या आजूबाजूला, म्हणजे लाखांदूर, साकोली, पवनी पट्ट्यात, धान सोडून दुसरा धंदा कोणता? उसना तांदूळ करायचा म्हणजे धान कोमट-गरम पाण्यात काही तास भिजवायचं, मग वाफ द्यायची, मग वाळवायचं आणि भरडायचं. वाफेसाठी बॉयलर. बॉयलरला जळण म्हणून भरडाईत निघालेलं तूस. ऐकायला सोपं. पण त्या एका मिलमध्ये पाईप किती परीचे लागतात ते पाहा.

विहिरीचं किंवा बोअरचं थंड पाणी टाकीत न्यायला जस्त चढवलेला पाईप, ज्याला आपण जीआय म्हणतो, तो चालतो. बरेचदा साधा प्लॅस्टिकचाही चालतो आणि तो स्वस्तही असतो. इथे मी भाच्याच्या बाजूचा.

वाफेच्या मुख्य ओळीला मात्र जीआय नको. दहा किलो दाबाची वाफ साधारण १८४ अंशांची असते. जस्त वितळायला ४१९ अंश लागतात, तेवढी आपली वाफ गरम नाही हे मलाही कळतं. भाच्याने हाच मुद्दा काढला होता आणि मला तो आवडला. पण जस्ताचं काम असतं आपण झिजून लोखंडाला वाचवणं. गरम ओलाव्यात, साधारण साठ अंशांच्या पुढे, काही प्रकारच्या पाण्यात ही भूमिका उलटते. मग जस्त सुखरूप राहतं आणि लोखंडालाच भोकं पडतात. रखवालदारच चोरी करू लागतो म्हणा ना. शिवाय जीआय पाईप वेल्ड करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो, त्याने वेल्डरला रात्री थंडी वाजून ताप येतो. वेल्डर लोक त्यावर दूध पितात. दुधाने काही होत नाही, जस्त आधी घासून काढावं लागतं आणि हवा खेळती लागते.

वाफेला लागतो साधा काळा पोलादी पाईप, शक्यतो सांधा नसलेला, म्हणजे सीमलेस, आणि कागद असलेला. ए-१०६ ग्रेड बी हे नाव त्यासाठी सगळीकडे चालतं. दुकानात मिळणारा दुसरा पाईप पत्रा गोल वळवून लांबीभर वेल्ड केलेला असतो. तो वाईट नाही, पाण्याला, मांडवाला, कुंपणाला उत्तम. त्यावर रंगाचा पट्टा असतो: पिवळा म्हणजे हलका, निळा मध्यम, तांबडा जड. दुकानात त्यालाच ए, बी, सी क्लास म्हणतात. एक इंची पाईपाची भिंत हलक्यात २.६ मिलिमीटर, मध्यमात ३.२, जडात ४. बाहेरून तिघे सारखे दिसतात. पट्ट्यावर चुना किंवा रंग मारला की ओळखणार कसे? वजनाने. म्हणून वजन करून घ्या म्हणतो, तर दुकानदार म्हणतो, "गुरुजी, एवढा भरोसा नाही का?" भरोसा आहे जी, पण काटाही आहे.

आता दाब म्हणजे काय ते हिशेबाने पाहू, कारण 'दहा किलो' ऐकून माणसाला वाटतं, दहा किलो म्हणजे किती, एका हाताने उचलतो. हे दहा किलो दर चौरस सेंटिमीटरवर असतात. चार इंची पाईपाच्या तोंडाशी असा दाब मिळून पावणेआठशे किलोचा जोर होतो. धानाचा ४० किलोचा कट्टा धरला तर जवळजवळ २० कट्टे एका झाकणावर आतून रेटत उभे आहेत. ते झाकण धरून ठेवायचं काम त्या पाईपाचं, जोडाचं आणि चार-आठ बोल्टांचं. आणि दाबाची वाफ गळते तिथे ती दिसत नाही, पांढरं दिसतं ते थोडं पुढे गार झालेलं धुकं. हात जातो तो न दिसणाऱ्या जागी. त्या ओळीखाली दिवसभर उभा राहणारा माणूस मिलमालक नसतो. भाच्याच्या मिलमध्ये जो फायरमन म्हणून लागणार आहे, तो माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलेला मुलगा आहे. मुलगा कसला, आता तोही नातवंडांचा झाला. तर मला कळतं की नाही हा प्रश्न बाजूला ठेवा, मला विचारायचा हक्क आहे.

वाफ गार होऊन जे पाणी परत येतं, त्याची गोष्ट तर फार कमी लोकांना माहीत असते. वाळवणीच्या यंत्रातून हे पाणी बॉयलरकडे परत नेतात, गरम असल्यामुळे जळण वाचतं. हे पाणी अगदी शुद्ध, वाफेचंच बनलेलं. मग त्याचा पाईप सगळ्यात आधी का सडतो? आपल्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असतात. बॉयलरच्या उष्णतेने ते फुटून कर्बवायू निघतो. तो वाफेबरोबर जातो आणि वाफ गार झाली की त्याच पाण्यात विरघळतो. झालं सौम्य आम्ल, सोडावॉटरसारखं. हे आंबट पाणी पाईपाच्या तळाशी वाहतं आणि तळाला नांगराच्या तासासारखी चर पाडत जातं. वरून टकटक केलं तर पाईप धडधाकट. म्हणून या ओळीला एकतर जाड भिंतीचा पाईप घालून दर वर्षी जाडी मोजायची, नाहीतर ३०४ चा स्टेनलेस घालायचा. शिवाय मुळात बॉयलरला जाणारं पाणी नीट करून घ्यायचं.

धान भिजवलेलं पाणी कोमट असतं, आंबतं, वास मारतं. साध्या लोखंडात ते ठेवलं तर लोखंडही जातं आणि तांदळावर गंजाचा डाग येतो. म्हणजे तांदूळ कळकला म्हणा! इथे टाकी आणि पाईप स्टेनलेसचे हवेत. आणि बॉयलरच्या आतल्या नळ्यांना आणखी वेगळाच त्रास. तुसाच्या राखेत बहुतांश भाग सिलिका, म्हणजे वाळूचाच भाऊ. ही राख धुरासोबत उडत जाताना नळ्यांना बाहेरून घासत जाते. आतून क्षार चढतो, बाहेरून घासपेपर चालतो. एका मिलमध्ये चार-पाच ओळी, प्रत्येकीचा शत्रू वेगळा, आणि आम्ही म्हणतो पाईप म्हणजे पाईप.

यावर एक जण तावातावाने म्हणाला, "मग सगळं स्टेनलेसच घाला ना, झंझट मिटली!" मंडळी, हा माणूस मला स्वस्तवाल्यापेक्षा जास्त धोकादायक वाटतो. स्वस्तवाल्याला निदान आपण पैसे वाचवतोय हे माहीत असतं, महागवाल्याला वाटतं आपण सुरक्षित झालो. विचार दोघांनीही केलेला नसतो. स्टेनलेस तापला की साध्या पोलादापेक्षा जास्त लांबतो. दहा मीटरचा साधा पाईप शंभर अंशांनी तापला तर १२ मिलिमीटर लांबतो, स्टेनलेसचा १७. साध्या पाईपासाठी बांधलेल्या आधारांवर आणि वळशांवर तो आणून बसवला तर ताण कुठेतरी बाहेर पडणारच. आणि पाण्यात मिठाचा अंश असेल, पाणी साठ अंशांच्या वर असेल आणि पाईपावर ताण असेल, तर हाच चकचकीत ३०४ गंजाचा एकही डाग न दाखवता केसासारख्या तड्यांनी फुटू शकतो.

उलट उदाहरण देतो. तीव्र गंधकाम्ल, ९८ टक्के, साध्या लोखंडी टाकीत आणि संथ वाहत असेल तर साध्या लोखंडी पाईपात ठेवतात! आम्लामुळे लोखंडावर एक थर बसतो आणि तोच पुढचं लोखंड वाचवतो. त्याच आम्लात पाणी मिसळून सौम्य केलं की ते लोखंड खाऊन टाकतं. वेग वाढवला तरी थर धुऊन जातो आणि पाईप जातो. जास्त जहाल ते चालतं, कमी जहाल चालत नाही. आता सांगा, 'सगळ्यात मजबूत पाईप कोणता' या प्रश्नाला अर्थ काय उरला?

स्टेनलेसच्या नावाखाली आणखी एक गंमत चालते आणि तिचा संबंध आपल्या जिल्ह्याशी आहे. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. निकेल महाग. म्हणून २०० च्या घराण्यातला स्टेनलेस निघाला, ज्यात निकेल कमी करून मँगनीज घातलं. मँगनीज म्हणजे आपल्या तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॉयलच्या खाणींतलं. अभिमानाची गोष्ट आहे, आणि साध्या पोलादातही थोडं मँगनीज लागतंच, त्याशिवाय गंधकामुळे पोलाद तापवून ठोकताना फुटतं. पण २०२ हा ३०४ इतका गंजाला टिकत नाही. भांड्याला, रेलिंगला ठीक. आंबलेल्या गरम पाण्याला नाही. भाच्याने मला खिशातून लोहचुंबक काढून दाखवलं. "हे पाहा मामाजी, चिकटत नाही, म्हणजे ओरिजिनल ३०४." अरे, २०२ लाही चुंबक चिकटत नाही! चुंबकाने लोखंडी पाईप आणि ३०४ ओळखता येतील, ३०४ आणि २०२ नाही. ती ओळख पटवायला पिस्तुलासारखं एक यंत्र असतं, पाईपाला टेकवलं की काही सेकंदांत क्रोमियम किती, निकेल किती, मँगनीज किती ते सांगतं. (कार्बन मात्र ते सांगू शकत नाही. प्रत्येक हुशार विद्यार्थ्याचा एखादा विषय कच्चा असतोच.)

भंडारा जिल्ह्यातला माणूस धातूंवर लिहितोय आणि पितळेचं नाव नाही, असं कसं होईल! भंडाऱ्याची पितळी भांडी एकेकाळी लग्नाच्या रुखवतात मानाने मांडली जायची. पण पितळेलाही एक शत्रू आहे, अमोनिया. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागेजवळ साठवलेली असत. पावसाळा संपेपर्यंत काडतुसांना आपोआप तडे जात. कारण कळायला बराच काळ लागला. १९२१ साली इंग्लंडमधल्या तीन संशोधकांनी ते मांडलं. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि काडतूस घडवताना पितळेत राहिलेला ताण, तिन्ही एकत्र आले की तडा. एकेकटं कोणीच काही करत नाही. म्हणून बर्फाचा कारखाना, कोल्ड स्टोरेज, जिथे अमोनियावर थंडावा करतात, तिथे तांब्या-पितळेचा पाईप आणि व्हॉल्व्ह चालत नाही, पोलादाचाच लागतो. आणि घरच्या फ्रिजमध्ये, एसीत मात्र तांब्याचीच नळी असते, कारण तिथला वायू दुसरा. पुन्हा तोच प्रश्न, आत काय?

कोणी म्हणेल, गुरुजी खेड्यातल्या मिलवाल्यांना बोल लावतात, मोठे लोक बघा कसे काम करतात. मोठ्यांचंही सांगतो. आंध्र प्रदेशात नगरम गावाजवळ २७ जून २०१४ च्या पहाटे गेलची गॅसची पाईपलाईन फुटून आग लागली, वीसहून अधिक माणसं गेली. झोपेत असलेलं गाव. ती पाईपलाईन कोरड्या गॅससाठी होती. तिच्यातून पाणी मिसळलेला ओला गॅस जात होता आणि आतून गंज लागला होता. पाईप चुकीचा नव्हता हो, आतली वस्तू बदलली आणि पाईप तोच राहिला.

अमेरिकेतली गोष्ट तर मला वर्गात सांगावी इतकी बोधप्रद वाटते. टेक्सास सिटीतल्या बीपीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात २८ जुलै २००५ ला मोठी आग लागली. (त्याच कारखान्यात चार महिने आधी स्फोटात १५ माणसं मेली होती.) एका यंत्राला पाईपाचे कोपर, ज्यांना एल्बो म्हणतात, ते होते. दिसायला सारखे, मापाला सारखे. पण त्यातले काही क्रोमियम मिसळलेल्या पोलादाचे, एक साध्या पोलादाचा. दुरुस्तीला उघडले, पुन्हा जोडताना अदलाबदल झाली. साधा कोपर गेला तिथे, जिथे तापलेला हायड्रोजन होता. हायड्रोजन गरमीत साध्या पोलादात शिरतो आणि त्याला आतून भुसभुशीत करतो. काही महिन्यांत तो फुटला. त्या दिवशी नशिबाने कोणी मेलं नाही. कोणी चोरी केली नव्हती, कोणी स्वस्त माल आणला नव्हता. फक्त कोपरांवर ओळख लिहिलेली नव्हती. खडूने 'अ' आणि 'ब' लिहिलं असतं तरी कदाचित वाचलं असतं!

आणि म्हणूनच मला त्या कबाड्याचा राग येतो, ज्याने भाच्याला जुन्या कारखान्यातले 'एकदम कडक' पाईप निम्म्या भावात देऊ केले आहेत. पाईपावर बनवणाऱ्याने ठोकलेला एक नंबर असतो, हीट नंबर. तो नंबर आणि सोबतचा कागद जुळला की ते लोखंड कोणत्या घाण्यातलं, त्यात काय काय किती, किती दाबाला तपासलं, सगळं कळतं. पाईपाची जन्मपत्रिकाच ती. कबाड्याच्या पाईपाची पत्रिका हरवलेली. आधी कोणत्या घरात नांदला, आतून किती झिजला, कोणाला माहीत? जपानमध्ये मिहामा इथल्या अणुवीज केंद्रात ९ ऑगस्ट २००४ ला गरम पाण्याचा एक साध्या पोलादाचा पाईप फुटला. भिंत मुळात १० मिलिमीटरची, झिजून १.४ उरली होती. १९७६ पासून त्या जागेची जाडी कोणी मोजलीच नव्हती. पाच कामगार भाजून गेले. आत आम्ल नव्हतं, विष नव्हतं. नुसतं गरम पाणी, वेगाने वाहणारं, त्याने अठ्ठावीस वर्षांत पोलाद धुऊन नेलं. बाहेरून पाहणाऱ्याला पाईप 'एकदम कडक'च दिसला असेल.

या वादात व्हॉट्सॲपवरून दिल्लीचा लोहस्तंभ येतोच. आमच्याही कुटुंबाच्या ग्रुपवर आला. 'सोळाशे वर्षे गंजला नाही, आणि हे आजचे इंजिनियर!' स्तंभाचं कौतुक मलाही आहे. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे वर एक राखणारा थर बसला. कानपूरच्या आयआयटीचे प्रा. बालसुब्रमण्यम यांनी यावर आयुष्य घातलं. पण तोच फॉस्फरस पोलादाला ठिसूळ करतो, म्हणून पाईपाच्या पोलादातून तो मुद्दाम काढून टाकतात. स्तंभाला उभं राहायचं असतं. पाईपाला आतून वाफेचे २० कट्टे सोसायचे असतात.

भाच्याची बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल मामाने एकतर्फी झोडपलं. तो म्हणतो, सरकारी धानाच्या भरडाईचे पैसे वेळेवर हातात पडत नाहीत, बँकेचं व्याज मात्र रोज चढतं. खरं आहे. तो म्हणतो, आजूबाजूच्या मिलवाल्यांनी असाच माल घातला, कोणाचं काय झालं? हे खरं नाही. काय झालं ते कोणी सांगत नाही, एवढंच खरं आहे. माझ्या ओळखीच्या एका मिलमध्ये (नाव घेत नाही) वाफेच्या ओळीचा जोड सुटून एका हमालाचा दंड भाजला. दवाखान्यात नेलं, पैसे दिले, विषय बंद. कागदावर काहीच नाही. मग पुढच्या मिलवाल्याने शिकायचं कशातून? तो असंही म्हणतो की इन्स्पेक्टरचा नुसता जाच असतो. अरे, १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं मेली, म्हणून १८६४ साली बंगालमध्ये पहिला कायदा झाला. मग १९२३ चा, आता २०२५ चा. साडेतीन किलोपेक्षा जास्त दाबाची वाफ नेणारा पाईप हा कायद्याने बॉयलरच्या सोबतचा मानला आहे, त्यावर बाष्पके संचालनालयाची नजर असते. ती कलमं कोणी गंमत म्हणून लिहिली नाहीत. आणि जाच खरोखर कोण करत असेल तर त्याविरुद्ध भांडू, मी येतो बरोबर. पण पाईप नीट घालून भांडू.

पैशाचं म्हणाल तर मी वहीत ओळीवार मांडून दिलं आहे. थंड पाण्याला स्वस्त घाल, तिथे पैसे वाचव. कुंपणाला, शेडला कबाड्याचा पाईप घाल, माझी ना नाही. वाफेच्या ओळीला कागद असलेला सीमलेस, भिजवणीला तपासून घेतलेला ३०४. प्रत्येक तुकडा कापला की हीट नंबर उरलेल्या तुकड्यावर पुन्हा ठोकायचा. आणि भिंतीवर ऑइलपेंटने मोठा नकाशा काढायचा, कोणत्या ओळीत काय, किती दाब, कोणत्या साली बसवला, मागची जाडी किती. फायरमनला वाचता येतं, चौथीपर्यंत मी शिकवलंय.

भाच्याने वाफेच्या ओळीचं मान्य केलं आहे, कबाड्याला तूर्त नाही म्हणून कळवलं आहे. भिजवणीच्या टाकीवर 'बघू' आहे. परतीच्या पाण्याच्या ओळीवर मात्र अडलं आहे. तो म्हणतो जाड साधा पाईप घालून पाच वर्षांनी बदलू, मी म्हणतो स्टेनलेस. इथे तोही बरोबर असू शकतो, कारण दर वर्षी जाडी मोजली तर त्याचा हिशेब बसतो. मोजली तर. आपल्या नात्यातले जे कोराडी, खापरखेडा, भिलाई, वरठीला नोकरी करून निवृत्त झाले आहेत, त्यांनी कृपा करून खाली लिहा. तुमच्याकडे या ओळीला काय घालत होते आणि किती वर्षं टिकलं? धान निघायच्या आत पाईप आणायला नागपूरला जायचं आहे.